हौसेची गाडी आणि परताव्याचा हिशोब

जुनी अमेरिकी मसल कार घ्यायची ती चालवण्यासाठी, की भाव चढेल म्हणून झाकून ठेवण्यासाठी, हा वाद तिथल्या हौशी मंडळींत १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून चालू आहे. दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या सोयीची उदाहरणं पुढे करतात. एकाच्या तोंडी लिलावात लाखो डॉलरना गेलेली, ‘हेमी’ या मोठ्या इंजिनाची प्लिमथ कुडा असते, दुसऱ्याच्या तोंडी मोकळ्या हायवेवरची रविवार सकाळ. उदाहरणं दोन्हीकडे खरीच असतात, पण त्यांतून निष्कर्ष निघत नाही. त्यासाठी किमती, महागाई, दलाली, कर आणि गंज हे सगळं एका वहीत मांडावं लागतं. तसं मांडलं की माझ्या मते एक गोष्ट स्पष्ट दिसते. या गाड्यांचा खात्रीचा परतावा एकच आहे, तो म्हणजे त्या चालवण्याचा आनंद. पैशाचा परतावा काहींना मिळाला, काहींना तर भरघोस मिळाला, पण तो ज्या कारणांनी मिळाला ती खरेदीच्या दिवशी कुणालाच दिसत नव्हती. जो माणूस गाडी केवळ ठेवण्यासाठी घेतो, तो खात्रीचा हिस्सा सोडून देऊन सगळी रक्कम अनिश्चित हिश्शावर लावतो.

मुळात ही गाडी काय होती ते आधी पाहायला हवं. मसल कार म्हणजे मध्यम आकाराची, साध्या कुटुंबाची दोन दारांची गाडी, आणि तिच्यात मोठ्या गाडीचं व्ही-८ इंजिन. १९६४ची पॉन्टिअॅक जीटीओ ही या प्रकाराची पहिली मानली जाते. मध्यम गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही, असा जनरल मोटर्सचा अंतर्गत नियम होता. पॉन्टिअॅकमधल्या जॉन डिलोरियन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी टेम्पेस्ट लेमान्स या गाडीवर ३८९ घनइंचांचं इंजिन ‘ऐच्छिक सामान’ म्हणून यादीत टाकलं आणि नियमातून वाट काढली. तीनशे डॉलरच्या आत मिळणाऱ्या या जोडणीने ३२५ अश्वशक्ती हाती येत होती, तीन कार्ब्युरेटर घेतले तर ३४८. पहिल्याच वर्षी अशा ३२,४५० गाड्या खपल्या. किंमत सगळी धरून तीन हजार डॉलरच्या आसपास होती, म्हणजे कारखान्यात नोकरीला लागलेल्या तरुणाला हप्त्यांवर परवडेल इतकी. मग फोर्ड, क्रायस्लर, शेवरले, सगळेच या शर्यतीत उतरले. १९७० साली शेवेल एसएस ४५४ची एलएस-सिक्स आवृत्ती ४५० अश्वशक्तीची होती. त्याच वर्षी उताराला सुरुवात झाली. विमा कंपन्यांनी तरुण मालकांवर जबर अधिभार लावले, १९७०चा स्वच्छ हवेचा कायदा आला, १९७१पासून इंजिनांचं कॉम्प्रेशन खाली आलं आणि १९७३च्या तेलबंदीने उरलीसुरली मागणी संपवली. थोडक्यात ही गाडी स्वस्त होती, मोठ्या संख्येने बनली होती आणि वापरून मोडीत काढण्यासाठीच बनली होती. गुंतवणूकदार ज्या दुर्मिळतेचा भाव मोजतो ती तिच्या जन्मात नव्हती, नंतरच्या घडामोडींतून आली.

यातली सगळ्यात बोलकी गोष्ट अशी, की आज ज्या गाड्यांवर लिलावात बोली चढते त्यांतल्या कितीतरी गाड्या तेव्हा कुणाला नको होत्या. १९६९च्या कॅमारो झेडएल-वनमध्ये ४२७ घनइंचांचं अॅल्युमिनियमचं इंजिन होतं. इलिनॉयमधल्या ला हार्प या छोट्या गावातला डीलर फ्रेड गिब याने अशा पन्नास गाड्या मागवल्या. एकट्या इंजिनाच्या जोडणीची किंमत चार हजार डॉलरच्या वर निघाली आणि गाडी सात हजारांच्या पुढे गेली. साधी व्ही-८ कॅमारो तीन हजारांच्या आत मिळत असताना एवढे पैसे देणारं गिऱ्हाईक कुठून मिळणार? बऱ्याचशा गाड्या कंपनीला परत घेऊन दुसऱ्या डीलरांकडे पाठवाव्या लागल्या. एकूण ६९ बनल्या आणि आज त्यांतली उत्तम गाडी दहा लाख डॉलरच्या घरातही जाते. प्लिमथ सुपरबर्डचंही तेच झालं. नॅसकारच्या शर्यतीत उतरता यावं म्हणून क्रायस्लरने १९७० साली टोकदार नाक आणि उंच पंख लावलेल्या सुमारे एकोणीसशे गाड्या रस्त्यासाठी बनवल्या. त्या डीलरांच्या आवारात महिनोन् महिने पडून राहिल्या. काहींचं नाक आणि पंख काढून त्या साध्या रोड रनर म्हणून खपवाव्या लागल्या. त्या काळात एखाद्याने गुंतवणूक म्हणून नीट अभ्यास केला असता, तर त्याने या दोन्ही गाड्या नक्की टाळल्या असत्या.

उलट बाजूचा पुरावा तितकाच पक्का आहे. संग्रहासाठी म्हणून खास बनवलेली आणि लोकांनी जपून ठेवलेली गाडी काय भावाला जाते, हे १९७८च्या कॉर्व्हेट पेस कारने दाखवून दिलं. इंडियानापोलिसच्या शर्यतीत पुढे धावणाऱ्या गाडीची ही प्रतिकृती, काळी आणि रुपेरी; अशा ६,५०२ बनल्या. छापील किंमत साडेतेरा हजार डॉलरच्या थोडी वर, पण लोकांनी दुप्पटही मोजले. शर्यतीची नक्षीपत्रं दारावर लावायची की नाही हे मालकावर सोडलेलं होतं, म्हणून ती गाडीसोबत सुटी मिळत. आजही अशा गाड्या विक्रीला येतात ज्यांची नक्षीपत्रं खोक्यातून बाहेर आलेली नाहीत, ओडोमीटरवर काही शे मैल आहेत आणि सीटवरचं प्लास्टिकही तसंच आहे. छापील किमतीला महागाई लावली तर आज ६५ हजार डॉलर व्हायला हवेत. प्रत्यक्षात अशा बहुतेक गाड्या त्याच्या निम्म्याच्या आसपास जातात. पंचेचाळीस वर्षं गाडी कुणी चालवली नाही आणि मुद्दलही महागाईच्या मानाने अर्धं झालं. कारण साधं आहे. सगळ्यांनीच जपून ठेवलेली वस्तू दुर्मिळ होत नाही.

यावर कुणी ब्यूइक जीएनएक्सकडे बोट दाखवेल आणि ते योग्यच आहे. १९८७ साली अशा ५४७ गाड्या बनल्या, किंमत सुमारे तीस हजार डॉलर. ज्यांनी त्या घेऊन अक्षरशः झाकून ठेवल्या त्यांतल्या जवळजवळ शून्य मैलांच्या गाड्या अलीकडे दोन लाख डॉलरच्या पुढे गेल्या. ठेवण्यासाठी घेण्याचा हा सर्वात यशस्वी नमुना म्हणता येईल. आता तोच पैसा दुसरीकडे असता तर? १९८७च्या अखेरीस एस अँड पी ५०० हा अमेरिकी शेअर निर्देशांक २४७ होता, आणि २०२२च्या वाईट वर्षाच्या अखेरीसही तो ३,८००च्या वर होता. म्हणजे पंधरा पट. तीस हजारांचे साडेचार लाख झाले असते, तेही लाभांश न धरता. जीटीओचा हिशोब याहून बोलका आहे. १९६४ साली निर्देशांक ८०च्या आसपास होता, २०२४च्या अखेरीस ५,८८१. तीन हजार डॉलरचे दोन लाख वीस हजार झाले असते, लाभांश वेगळा. चांगली, कागदपत्रं असलेली १९६४ची जीटीओ सर्वसाधारणपणे या रकमेच्या जवळपासही जात नाही. शिवाय निर्देशांकाला गॅरेज लागत नाही, विमा लागत नाही, त्याच्या पत्र्याला गंज चढत नाही. ज्या मालकाने ती जीटीओ साठ वर्षं चालवली त्याला फरकाच्या बदल्यात साठ वर्षांची गाडी मिळाली. ज्याने झाकून ठेवली त्याच्याकडे त्या फरकाच्या बदल्यात दाखवायला काही नाही.

छापून येणारे लिलावाचे आकडे खर्चाबद्दल गप्प असतात, आणि खरी गफलत तिथेच होते. बॅरेट-जॅक्सन किंवा मीकमसारख्या लिलावात हातोडा एक लाखावर पडला तर घेणारा साधारण दहा टक्के वर देतो, म्हणजे एक लाख दहा हजार. विकणाऱ्याकडून सहा ते दहा टक्के कापले जातात. आठ टक्के धरले तर हीच गाडी पुढे विकताना नुसते घातलेले पैसे परत मिळवायला हातोडा १,१९,०००च्या पुढे पडायला हवा. त्यात वाहतूक आहे, विमा आहे, दर काही वर्षांनी टायर आणि होजपाइप आहेत. त्याहून मोठा खड्डा रिस्टोरेशनचा. गाडी पूर्ण उघडून, पत्रा नागवा करून, सगळं पुन्हा उभं करायला हजार तास सहज लागतात. तासाला शंभर डॉलर धरले तरी नुसत्या मजुरीचेच लाख डॉलर झाले, सुटे भाग आणि रंग निराळे. आपल्याकडे सोन्याचा दागिना मोडताना घडणावळ परत मिळत नाही, वजनाचेच पैसे मिळतात, तसं इथे होतं. बाजार गाडीच्या दर्जाचा भाव देतो, तुमच्या कारागिराच्या तासांचा देत नाही. म्हणूनच अनुभवी लोक दुसऱ्याने करून ठेवलेली गाडी घ्या असं सांगतात. अमेरिकेतला करवसुलीचा नियमही एकतर्फी आहे. नफा झाला तर तो करपात्र, आणि संग्राह्य वस्तू म्हणून धरला गेला तर दर २८ टक्क्यांपर्यंत, शेअरवर मात्र कमाल २०. हौसेच्या गाडीत तोटा झाला तर त्याची वजावट मिळत नाही. पूर्वी गुंतवणूक म्हणून ठेवलेली एक गाडी देऊन दुसरी घेताना कर पुढे ढकलण्याची जी सोय वापरली जाई, तीही २०१७च्या करकायद्याने स्थावर मालमत्तेपुरतीच उरली.

आता मोठा आक्षेप. बुलिट चित्रपटातल्या मस्टँगचं काय? स्टीव्ह मॅक्वीनने १९६८च्या त्या चित्रपटात चालवलेली हिरवी मस्टँग जीटी ३९० जानेवारी २०२० मध्ये मीकमच्या किसिमी इथल्या लिलावात सगळं धरून ३७ लाख ४० हजार डॉलरना गेली. रॉबर्ट कीर्नन यांनी १९७४ साली ती जाहिरात वाचून सहा हजारांना घेतली होती. हिशोब केला तर दरसाल चक्रवाढीने पंधरा टक्क्यांच्या आसपास वाढ, म्हणजे शेअर बाजारालाही मागे टाकणारी. पण ही गाडी ठेवण्याच्या बाजूने साक्ष देत नाही. कीर्नन कुटुंबाने ती घरची गाडी म्हणून वापरली. त्यांची पत्नी शाळेत शिकवायला तीच घेऊन जायची. १९७७ साली खुद्द मॅक्वीनने पत्र लिहून ती परत मागितली, तरी त्यांनी दिली नाही. क्लच गेल्यावर १९८०च्या सुमारास ती उभी राहिली आणि राहूनच गेली. लिलावात आली तेव्हा तिला रंग लावलेला नव्हता, मूळ हिरवा उडालेला होता आणि कॅमेरे बसवण्यासाठी खाली जोडलेले कंस तसेच होते. तिची किंमत त्या न पुसलेल्या खुणांची होती. आणि मुख्य म्हणजे अशी गाडी जगात एक आहे. एक गाडी सहाशे पट वाढली म्हणून त्या जातीच्या बाकी गाड्या वाढतील असं मानणं म्हणजे लॉटरी लागलेल्याची मुलाखत वाचून तिकिटांत पेन्शनचे पैसे घालणं. ज्या हजारो मस्टँग महागाईइतक्याही वाढल्या नाहीत त्यांच्यावर बातमी छापून येत नाही.

जाणकार सांगतात, की अव्वल माल घेतला तर धोका नाही, हेमी इंजिनाची कन्व्हर्टिबल कधीच बुडवत नाही. इतिहास हे मान्य करत नाही. भाव १९८०च्या दशकाच्या अखेरीस चढले आणि १९९०-९१ मध्ये कोसळले. मग २००४च्या सुमारास टीव्हीवर थेट दाखवल्या जाणाऱ्या बॅरेट-जॅक्सनच्या स्कॉट्सडेल इथल्या लिलावांनी दुसरी तेजी आणली. जानेवारी २००६ मध्ये १९७०ची हेमी कुडा कन्व्हर्टिबल बॅरेट-जॅक्सनमध्ये २१ लाख ६० हजार डॉलरना गेली. २००८ आलं आणि हेमी गाड्यांचे भाव बरेच खाली आले, काहींचे निम्म्यापर्यंत. २०१४ साली १९७१ची एक हेमी कुडा कन्व्हर्टिबल सिॲटलमध्ये ३५ लाखांवर बोलीत सुटली, ही बातमी सगळीकडे झाली. पण त्या वर्षाच्या अशा गाड्या डझनभरच आहेत आणि तिच्या भावावरून शेजारच्या गॅरेजातल्या चारशे घनइंचांच्या गाडीचा भाव काढता येत नाही. २०२०-२२च्या तेजीनंतर बाजार पुन्हा मऊ झाला आहे. इथे दुसरा युक्तिवाद येतो, की गाड्या शेअरांच्या विरुद्ध चालतात म्हणून थोडा पैसा तिकडे असावा. पण १९९० आणि २००८, दोन्ही वेळा दोन्ही बाजार एकत्र घसरले, आणि कारण उघड आहे. या गाड्या लोक उरलेल्या पैशातून घेतात आणि मंदीत आधी आटतो तो हाच पैसा. त्यातही शेअर एका दिवसात विकता येतो. मंदीत हेमीला गिऱ्हाईक मिळायला वर्ष लागतं.

या बाजारातून पैसा कमावणारे लोक आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्यांचं काम जवळून पाहिलं तर कळतं की ती गुंतवणूक नसून व्यवसाय आहे. एलएस-सिक्स शेवेलचं उदाहरण घ्या. १९६९पासून एसएस हे स्वतंत्र मॉडेल राहिलं नव्हतं, जोडणी होती, त्यामुळे गाडीच्या चासी क्रमांकावरून ती खरी एसएस आहे की साध्या मालिबूवर बिल्ले चिकटवलेत हे कळत नाही. शेवरलेकडे जुन्या नोंदी पॉन्टिअॅकसारख्या मिळत नाहीत. मग उरतो तो इंजिनाच्या उजव्या बाजूला, सिलिंडर हेडच्या पुढे असलेला बोटभर सपाट पट्टा. त्यावर न्यूयॉर्क राज्यातल्या टोनावांडा कारखान्याचा टी, महिना-दिवस आणि शेवटी सीआरव्ही ही अक्षरं असली, तर ते हाताच्या गिअरचं एलएस-सिक्स इंजिन. सीआरआर असली तर ऑटोमॅटिकचं. शेजारी गाडीच्या चासी क्रमांकाचा तुकडा जुळायला हवा. जाणकार भिंग लावून अक्षरांच्या खालच्या यंत्राच्या बारीक रेघा बघतो, कारण इंजिन दुरुस्तीत तो पृष्ठभाग घासला गेला असेल तर रेघा नाहीशा होतात, आणि नंतर ठोकलेली अक्षरं तिथे खोटी ठरतात. ज्याला हे वाचता येतं तो चुकीच्या भावाला लागलेली गाडी ओळखतो आणि कमावतो. ती त्याच्या विद्येची मजुरी आहे. ज्याला हे वाचता येत नाही आणि जो ‘भाव वाढणारच’ म्हणून घेतो, तो त्या विद्येचं गिऱ्हाईक आहे. काही मालक मूळ इंजिन काढून स्टँडवर ठेवतात आणि गाडीत बदली इंजिन घालून चालवतात, म्हणजे फुटलंच तर बदली फुटेल. चालवण्यासाठी घेणाऱ्याला ही सगळी झंझट टाळणं परवडतं, कारण नक्कल असलेली पण नीट बांधलेली शेवेल त्याला तोच धक्का अर्ध्या पैशांत देते, फक्त ती नक्कल म्हणूनच विकत घेतलेली असावी.

चालवली तर गाडी झिजते, आणि इतिहास म्हणून या गाड्या जपायला हव्यात, हा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. काही गाड्या खरोखरच संग्रहालयाच्या आहेत. कारखान्यातून आल्या तशाच असलेल्या, कधी न उघडलेल्या गाड्या म्हणजे त्या काळच्या कामगारांच्या हातांची नोंद आहे, आणि ती एकदाच पुसता येते. पण जतन वेगळं आणि साठवणूक वेगळी. जतनाला पैसा लागतो, परतावा मागता येत नाही. साठवणुकीत गाडी तशी राहतही नाही. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं आणि सिलिंडर आतून गंजतात. आजच्या अमेरिकी पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं, ते जुन्या रबरी नळ्या खातं आणि उभ्या गाडीच्या कार्ब्युरेटरमध्ये चिकट थर सोडतं. सीलं वाळतात, टायर एका जागी चपटे होतात. महिन्यातून दोनदा इंजिन पूर्ण तापेपर्यंत फिरवलेली गाडी यातल्या बऱ्याच गोष्टींपासून वाचते. मैलांचा भावावर परिणाम होतो तो दोन-चारशे मैलांच्या गाडीवर. एकदा रिस्टोर झालेल्या गाडीवर वर्षाला हजार मैल घातले म्हणून गिऱ्हाईक पळत नाही. उलट नेहमी चालणारी, ब्रेक सरळ लागणारी गाडी घेताना त्याला भीती कमी वाटते.

आनंदाचा पक्ष मांडताना त्याची किंमतही सांगायला हवी. चारी चाकांना ड्रम ब्रेक असलेली दोन टनांच्या आसपासची गाडी घाटात दोनदा जोरात थांबवली की तिसऱ्यांदा पेडल खाली जातं. एलएस-सिक्सचं कॉम्प्रेशन ११.२५ आहे, तिला आज पंपावर मिळणारं उत्तम पेट्रोलही कमी पडतं. त्या इंजिनांच्या कॅमला ऑइलमधलं झिंक लागतं, आणि आधुनिक ऑइलमध्ये ते कमी केलेलं आहे, म्हणून खास ऑइल शोधावं लागतं. हे सगळं ठाऊक असून लोक चालवतात, कारण त्या गाडीत जे घडतं ते दुसरीकडे नाही. थंड इंजिन सुरू झाल्यावर अख्खी गाडी एका बाजूला हलकेच झुकते, मोठ्या कॅममुळे आयडलिंग अडखळत राहतं आणि दुसऱ्या गिअरला कार्ब्युरेटरचे चारही बॅरल उघडले की आवाज कानाआधी छातीत पोचतो. १९९५पासून दर ऑगस्टमध्ये डेट्रॉइटजवळच्या वुडवर्ड अॅव्हेन्यूवर अशा हजारो गाड्या एकत्र फिरतात, ज्या रस्त्यावर १९६०च्या दशकात त्या रात्री शर्यती लावत. तिथे भावाची चर्चा होते, पण लोक येतात ते चालवायला. आणि पैशाच्या भाषेतच बोलायचं तर हौसेची तुलना शेअरशी न करता दुसऱ्या हौसेशी केली पाहिजे. नवी महागडी स्पोर्ट्स कार पाच वर्षांत किमतीचा मोठा हिस्सा गमावते. चांगल्या स्थितीतली, कागदपत्रं असलेली जुनी गाडी तेवढ्या काळात महागाईमागे थोडी राहिली तरी तो आनंद स्वस्तात पडला. गाडीची किंमत टिकते, हा मुद्दा म्हणूनच चालवणाऱ्याच्या बाजूचा आहे.

पुढे काय, यावर दोन मतं ऐकू येतात. एक म्हणतं, डॉजने २०२३च्या अखेरीस व्ही-८ चॅलेंजर बंद केली, विजेच्या गाड्या आल्या, आता जुनं व्ही-८ सोन्याच्या भावाने जाणार. म्हणूनच चॅलेंजरच्या त्या शेवटच्या वर्षांतल्या डीमन आवृत्तीच्या गाड्या कित्येकांनी न चालवता झाकून ठेवल्या आहेत. १९७८ची पेस कार ज्यांना आठवते त्यांना हे ओळखीचं वाटेल. दुसरं मत पिढीचं. या गाड्या ज्यांनी सतराव्या वर्षी शाळेच्या पार्किंगमध्ये पाहिल्या ती १९४६ ते १९६४ दरम्यान जन्मलेली पिढी आता साठीच्या पुढे आहे आणि संग्रह विकायला काढते आहे. तिशी-चाळिशीतल्या माणसाच्या मनातली गाडी वेगळी असू शकते. फास्ट अँड फ्युरिअस चित्रपटांत वापरलेली टोयोटा सुप्रा २०२१ साली साडेपाच लाख डॉलरना गेली. या दोन्हींपैकी कोणतं खरं ठरेल यावर पैसा लावण्याची गरज चालवणाऱ्याला पडत नाही. भाव उतरले तर त्याला बरी गाडी परवडते, चढले तर त्याच्याकडे ती आधीच आहे.

महाराष्ट्रात हा हिशोब वेगळा होतो. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात स्वातंत्र्यानंतर डॉज आणि प्लिमथ बनत, ती नावं मुंबईच्या जुन्या पिढीला ठाऊक आहेत, पण मसल कार इथल्या बाजारात कधी आलीच नाही. आणि २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक घेतला, तर ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, देखभाल एवढ्यापुरतीच काढता येते. म्हणजे परताव्याचा जो हिस्सा खात्रीचा, त्यावरच इथे मर्यादा आहे.

अमेरिकेत राहणाऱ्या आणि पहिली गाडी घेऊ पाहणाऱ्याला, मराठी असो वा आणखी कुणी, पुराव्यातून निघणारा सल्ला व्यवहारी आहे. हेमी आणि एलएस-सिक्सची नावं सोडून द्यावीत. ३४० घनइंचांचं इंजिन असलेली डॉज डार्ट किंवा प्लिमथ डस्टर, ब्यूइकची जीएस, ओल्ड्समोबिलची कटलस अशा गाड्या बघाव्यात, ज्यांचे सुटे भाग आजही नवे बनतात. पत्रा शाबूत असलेली घ्यावी, रंग उडालेला असला तरी चालेल, कारण रंगापेक्षा खालची चौकट जोडणं महाग पडतं. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवून घ्यावेत आणि काढलेले ड्रम खोक्यात घालून ठेवावेत, म्हणजे पुढच्या मालकाला मूळ स्थिती हवी असेल तर ती परत करता येईल. मान्य किमतीचा विमा घ्यावा. विकायची वेळ येईल तेव्हाचा भाव आज धरू नये. आज धरावा तो एवढाच, की वर्षाला किती मैल आपण ती खरोखर चालवू. उत्तर दोनशेच्या खाली येत असेल, तर ती रक्कम निर्देशांकात ठेवून गाडी दुसऱ्या कुणाला घेऊ द्यावी.